पाणबुड्याच्या वजनाचा इतिहास : हातातील दगडापासून जाकिटातील शिशापर्यंत

सारांश :
स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या व्यक्तीने शिशाची वजने कमरेच्या स्वतंत्र पट्ट्यावर बांधावीत की हवेच्या जाकिटातील खिशांत ठेवावीत, हा प्रश्न सामान्यतः सोयीचा आणि खर्चाचा मानला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासली आहे. वजन खाली नेण्याचे साधन असले, तरी त्याच्या रचनेतील प्रत्येक महत्त्वाचा बदल हे वजन केव्हा, कोणी आणि किती वेगाने सोडावयाचे या प्रश्नाभोवती घडला आहे, असे या अभ्यासातून दिसते.

बीज संज्ञा : पाणबुड्या, प्लावक बल, वजनपट्टा, बीसीडी, सागरी इतिहास, अपघात.

प्रस्तावना :
मानवाच्या जलांतर्गत संचाराचा इतिहास बहुधा श्वासाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. डायव्हिंग बेल, शिरस्त्राण असलेला पोशाख, संपीडित हवेचे नळकांडे अशा टप्प्यांनी तो पुढे सरकतो. पाण्याखाली श्वास कसा घ्यावा ही अडचण मोठी होती, यात शंका नाही. परंतु तिच्याइतकीच जुनी आणखी एक अडचण आहे. पूर्ण श्वास घेतलेले मानवी शरीर समुद्राच्या पाण्यावर तरंगते. तळ गाठावयाचा तर त्यास बाहेरून वजन द्यावे लागते, आणि वर यावयाचे तर त्या वजनाचा काही ना काही निकाल लावावा लागतो.

आजच्या हौशी पाणबुड्यापुढे या वजनासाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कमरेच्या पट्ट्याचा. यात नायलॉनच्या किंवा रबरी पट्ट्यात शिशाचे ठोकळे ओवून तो एका बक्कलाने बांधला जातो. दुसरा मार्ग जाकिटाचा. हवा भरता व सोडता येणाऱ्या या जाकिटास बॉयन्सी कंपेन्सेटर किंवा संक्षेपाने बीसीडी म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिशांत शिसे ठेवले जाते आणि गरज पडल्यास मूठ ओढून ते खिसे मोकळे करता येतात. या दोहोंतील निवडीस एक दीर्घ इतिहास आहे. तो समजून घेतल्यास या निवडीत खरोखर काय पणाला लागलेले असते, ते स्पष्ट होते.

संशोधनाची उद्दिष्टे :
१) पाणबुड्याच्या वजनाच्या स्वरूपात झालेल्या ऐतिहासिक बदलांचा आढावा घेणे.
२) या बदलांमागील भौतिक व शरीरक्रियात्मक कारणांचा शोध घेणे.
३) वजनपट्टा व जाकिटातील वजन यांची सुरक्षिततेच्या दृष्टीने तुलना करणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सागरी इतिहास, शरीरक्रियाशास्त्र आणि डायव्हिंगमधील अपघातांविषयीच्या प्रकाशित साहित्याचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. वजनाची गरज आणि तिची अस्थिरता
द्रवात बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूस सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके प्लावक बल वरच्या दिशेने कार्य करते, हे आर्किमिडीजचे तत्त्व सर्वपरिचित आहे. समुद्राच्या पाण्याची घनता प्रति घनमीटर सुमारे १,०२५ किलोग्रॅम असते, तर शिशाची घनता त्याच्या अकरा पटींच्या आसपास आहे. म्हणून एक किलो शिसे समुद्रात बुडविले असता त्याचे जेमतेम नव्वद ग्रॅम वजन घटते. थोड्या जागेत अधिक वजन मावत असल्याने पाणबुड्यांनी शिशाला पसंती दिली.

परंतु किती वजन घ्यावे या प्रश्नाचे उत्तर खोलीनुसार बदलते. वायूवरील दाब दुप्पट केल्यास त्याचे आकारमान निम्मे होते, हा नियम रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये मांडला. समुद्रात दहा मीटर खाली गेल्यावर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. छातीतील हवा आणि पोशाखातील हवेचे बुडबुडे दोन्ही आकुंचन पावतात व प्लावक बल घटते. पृष्ठभागाखाली पहिला मीटर गाठताना जे वजन अपुरे वाटते, तेच वजन तळाशी जड होते. पाणबुड्याच्या वजनाचा पुढील सर्व इतिहास या विसंगतीशी जोडलेला आहे.

२. हातातील वजन
इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक कवी ऑपियन याने मासेमारीवरील आपल्या 'हॅलिएउटिका' या काव्यात स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याचे वर्णन केले आहे. त्याच्या कमरेस लांब दोर बांधलेला असून एका हातात शिशाचा जड गोळा व दुसऱ्या हातात धारदार कोयता आहे. शिसे त्यास खाली नेते आणि दोर ओढून सोबती त्यास वर घेतात. येथे वजन शरीरास बांधलेले नाही, ते हातात धरलेले आहे, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. अशा वजनापासून सुटका करून घेण्यास मूठ उघडणे पुरेसे होते.

एजियन समुद्रातील कालिम्नोस, सिमी इत्यादी बेटांवर हीच पद्धत 'स्कांदालोपेत्रा' या नावाने टिकून राहिली. हा संगमरवराचा किंवा ग्रॅनाइटचा चपटा, कडा गोल केलेला दगड असे. त्याचे वजन साधारणतः आठ ते पंधरा किलो असून तो दोराने होडीशी जोडलेला असे. पाणबुड्या दगड पुढे धरून खाली झेपावे. हात किंचित कलता करून त्यास दिशाही बदलता येत असे. १९१३ मध्ये 'रेजिना मार्गेरिता' या इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर शोधण्यासाठी हाजी स्ताती या ग्रीक पाणबुड्याने अशाच दगडाच्या साहाय्याने, एका श्वासात, सत्तर मीटरहून अधिक खोली गाठली होती.

भारतीय उपखंडातही याच तत्त्वाचा अवलंब दिसतो. तुतिकोरीनपासून सिलोनच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या मन्नारच्या आखातात मोत्यांच्या शिंपल्यांसाठी पाणबुडे दगडाच्या दोरातील फासात पाय अडकवून उतरत. तळ गाठताच पाय मोकळा केला जाई आणि होडीवरील सोबती तो दगड लगेच वर ओढून घेत असे. पाणबुड्या हाती लागतील तेवढे शिंपले जाळीत भरी आणि दुसऱ्या दोरास हिसका देऊन वर येण्याची खूण करी. इराणच्या आखातातील मोतीव्यवसायातही पाणबुड्या आणि दोर सांभाळणारा सोबती अशी जोडी असे. जपानमधील 'आमा' स्त्रियांपैकी होडीतून उतरणाऱ्या 'फुनादो' स्त्रिया तेरा-चौदा किलोंच्या वजनाच्या आधारे सुमारे वीस मीटरपर्यंत जात असत. वर होडीत दोर सांभाळणारा पुष्कळदा त्यांचा पती असे.

या पद्धतींमध्ये तीन गोष्टी समान आहेत. वजन शरीराला कायमचे जखडलेले नसते. त्याची गरज उतरतानाच असते. आणि वजनाची जबाबदारी दोघांमध्ये वाटलेली असते, एक पाण्यात आणि एक वर. वजन घेऊन जाणे पाणबुड्याचे काम होते, तर ते परत आणणे सोबत्याचे.

३. अंगावर जखडलेले वजन
एकोणिसाव्या शतकात ही रचना पूर्णपणे बदलली. इंग्लंडमध्ये डीन बंधूंनी १८२० च्या दशकात उघड्या शिरस्त्राणाचा पोशाख विकसित केला. त्यानंतर ऑगस्टस सीबे याच्या नावाशी निगडित असलेला पूर्ण बंद पोशाख १८३० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आला. १७८२ मध्ये बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेच्या अवशेषांवर १८३९ पासून कर्नल पास्ली यांच्या नेतृत्वाखाली जे काम झाले, त्यातून या पोशाखाची उपयुक्तता सिद्ध झाली. वरून पंपाने हवा पुरविली जात असल्याने पाणबुड्या तासन्‌तास तळाशी राहू शकत होता.

परंतु हवेने फुगलेला पोशाख तरंगतो. त्यास तळाशी रोवून ठेवण्यासाठी छातीवर व पाठीवर शिशाच्या तबकड्या आणि पायांत शिशाच्या तळव्यांचे बूट आले. अमेरिकी नौदलाने १९१६ पासून वापरलेल्या 'मार्क ५' पोशाखात केवळ वजनाचा पट्टा सुमारे ३८ किलोंचा आणि बुटांची जोडी सुमारे १६ किलोंची होती. संपूर्ण साजाचे वजन सुमारे ८६ किलो भरे.

येथे वजन सहज सोडता येऊ नये, अशीच अपेक्षा होती. पोशाखात हवा भरलेली असताना शिसे निखळले, तर पाणबुड्या फुग्यासारखा वर फेकला जाई. बूट निसटला तर पाय वर आणि डोके खाली होऊन हवा पायांकडे साचण्याचा धोका असे. म्हणून पट्टे खांद्यांवरून घेतले जात, दोर व बक्कल घट्ट आवळले जात आणि पाणबुड्याच्या अंगावर ते चढविण्याचे व उतरविण्याचे काम जहाजावरील मदतनीस करीत. दगड हातातून सुटण्यासाठी होता. शिशाच्या तबकड्या न सुटण्यासाठी होत्या. या दोन परस्परविरुद्ध परंपरांमधून आधुनिक वजनपट्ट्याची वाटचाल झाली.

४. वर येण्याचे नवे संकट
वजन सोडणे धोकादायक का ठरले, याचे कारण संपीडित हवेत आहे. श्वास रोखून उतरणारा मनुष्य पृष्ठभागावर घेतलेलीच हवा परत घेऊन येतो. तो कितीही वेगाने वर आला तरी त्याची छाती मूळच्या आकारापेक्षा अधिक फुगत नाही. परंतु दहा मीटर खोलीवर संपीडित हवेने भरलेली फुप्फुसे तशीच रोखून धरली, तर पृष्ठभागावर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसांच्या ऊती फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरण्याचा व मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका यातून निर्माण होतो.

दुसरा धोका रक्तात व ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनचा. १८६० च्या दशकात एजियन बेटांवर शिरस्त्राणाचा पोशाख पोहोचला आणि पुढील काळात तेथील अनेक स्पंज पाणबुड्यांना पक्षाघात व मृत्यू यांना सामोरे जावे लागले. १९०१ मध्ये अँटिकिथेरा येथील प्राचीन जहाजाच्या अवशेषांवर काम करताना सिमीच्या पाणबुड्यांपैकी एकाचा मृत्यू झाला व दोघे अपंग झाले. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ मध्ये या विकाराचा संबंध नायट्रोजनच्या बुडबुड्यांशी जोडला, तर जॉन स्कॉट हाल्डेन याने सहकाऱ्यांसह १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. वर येण्याचा वेग हा जीवनमरणाचा प्रश्न बनला. अमेरिकी नौदलाने हा वेग पूर्वी मिनिटास सुमारे १८ मीटर ठरविला होता. १९९३ मध्ये तो सुमारे ९ मीटरपर्यंत खाली आणण्यात आला.

तात्पर्य, मन्नारच्या पाणबुड्यास वजन सोडणे हा निव्वळ लाभ होता. संपीडित हवा घेणाऱ्या पाणबुड्यास तो लाभही होता आणि संकटही.

५. वजनपट्ट्याचा काळ
जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या ॲक्वालंगमुळे पाणबुड्या जहाजापासून, दोरापासून आणि मदतनीसापासूनही मुक्त झाला. तो माशासारखा आडवा पोहू लागला. त्यास तळाशी रोवणाऱ्या बुटांची गरज उरली नाही. शरीर आणि पाणी यांच्यात तोल साधेल इतकेच थोडे शिसे त्यास हवे होते, आणि त्यासाठी कमर ही सोयीची जागा ठरली.

यानंतर शिशाची गरज वाढविली ती वेटसूटने. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर याने १९५१-५२ च्या सुमारास फेसाळ निओप्रीनच्या पोशाखाची कल्पना मांडली. या रबरात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. तेच शरीराची ऊब राखतात आणि तेच शरीर तरंगवतात. थंड पाण्यातील जाड पोशाखास बुडविण्यासाठी कित्येक किलो शिसे लागू लागले. खोलीवर हाच पोशाख दाबाने पातळ होई. परिणामी पट्टा सैल पडून कमरेवरून घसरे आणि प्लावक बल घटल्याने पाणबुड्या अधिक जड होई.

याच काळात डायव्हिंगचा हौशी प्रसार झाला. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब १९५३ मध्ये, जागतिक महासंघ सीएमएएस १९५९ मध्ये, अमेरिकेतील नाउई १९६० मध्ये व पाडी १९६६ मध्ये स्थापन झाली. प्रशिक्षणाला ठरावीक रूप आले आणि वजनपट्ट्याविषयीचे नियमही रुजले. पट्टा इतर साजाच्या पट्ट्यांखाली अडकू नये. बक्कल एका हाताच्या ओढीने, रूढीनुसार उजव्या हाताने, उघडता यावे. सोडताना पट्टा अंगापासून दूर धरून मग टाकावा, म्हणजे तो पायातील सुरीत किंवा नळकांड्यात अडकणार नाही. सीबेच्या पोशाखातील घट्ट बक्कल आता झटकन सुटणारे झाले. ऑपियनच्या पाणबुड्याची उघडणारी मूठ जणू कमरेवर आली.

या रचनेचा मोठा गुण तिच्या एकसारखेपणात होता. पट्टा कोणत्याही कारखान्यातला असो, तो कोठे आहे आणि कसा सुटतो हे कोणत्याही प्रशिक्षित पाणबुड्यास ठाऊक असे. बुडणाऱ्या अनोळखी माणसाचा पट्टा त्याच्या मदतीस आलेला अनोळखी माणूसही सोडवू शकत होता.

६. जाकिटातील वजन
खोलीनुसार बदलणारे प्लावक बल सावरण्यासाठी हवा भरता येणारे साधन आवश्यक होते. फ्रान्सच्या मॉरिस फेन्झी याने १९६१ मध्ये गळ्यात घालण्याच्या अशा जाकिटाचे पेटंट घेतले. १९७१ मध्ये स्कूबाप्रो कंपनीने अंगरख्यासारखे 'स्टॅब जॅकेट' बाजारात आणले. पाठीवरील नळकांडे, हवेची पिशवी आणि खांद्याचे पट्टे एकाच वस्तूत आल्यावर शिसेही तिच्यात सामावून घेण्याची कल्पना स्वाभाविक होती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आलेल्या 'ॲट-पॅक' या अमेरिकी साजात पाठीवरील कवचातच शिशाचे छर्रे भरण्याची सोय होती. पुढे वजने जाकिटाच्या दोन्ही बाजूंच्या खिशांत आली. झीगल कंपनीच्या 'रिपकॉर्ड' रचनेत एकच मूठ ओढली की खिशांचे तळ उघडून शिसे खाली पडते. अन्य रचनांत प्रत्येक बाजूची पिशवी स्वतंत्रपणे बाहेर ओढावी लागते.

या बदलाचे लाभ खरे आहेत. कमरेवरील व पाठीच्या कण्यावरील ताण कमी होतो. पट्टा घसरण्याची भीती राहत नाही. शिसे हवेच्या पिशवीच्या जवळ आल्याने पोहताना शरीर आडवे राखणे अनेकांस सोपे जाते. अरुंद कमरेच्या व्यक्तींना तर पट्टा टिकविणेच अवघड असते. त्यांच्यासाठी जाकिटातील वजन ही मोठी सोय ठरली.

७. दोन रचनांची तुलना
सोयीचा विचार बाजूस ठेवून 'वजन कोण, केव्हा सोडील' हा निकष लावल्यास चित्र गुंतागुंतीचे होते. त्याचे चार मुद्दे नोंदविता येतील.

पहिला मुद्दा ओळखीचा. पट्ट्याचे बक्कल सर्वत्र सारखे असते. खिशांच्या मुठी मात्र निर्मात्यानुसार बदलतात. कोठे खाली ओढावे लागते, कोठे पुढे, कोठे आधी चिमटा दाबावा लागतो. आपला साज आपणांस ठाऊक असला, तरी सोबत्यास तो ठाऊक असेलच असे नाही. म्हणूनच पाण्यात उतरण्यापूर्वी जोडीदाराच्या वजनाची व त्याच्या सुटण्याच्या पद्धतीची तपासणी करणे हा प्रशिक्षणाचा अनिवार्य भाग झाला आहे.

दुसरा मुद्दा विलगतेचा. पट्टा शरीरावर असतो, जाकीट वेगळे. पाण्यात जाळ्यात अडकल्यामुळे किंवा अन्य कारणाने जाकीट काढावे लागले, तर पट्टाधारी पाणबुड्याचा तोल फारसा बिघडत नाही. सर्व शिसे जाकिटात असेल, तर जाकीट खाली जाऊ पाहते आणि वेटसूटमधील पाणबुड्या वर. मधली हवेची नळी तोंडातून निसटण्याचा धोका त्यातून उद्भवतो. लहान होडीवर चढण्यापूर्वी साज वर देतानाही हा फरक जाणवतो. पट्टा प्रथम वेगळा देता येतो, शिसे भरलेले जाकीट मात्र एकट्या खलाशास उचलणे कठीण जाते.

तिसरा मुद्दा अनिच्छेने सुटण्याचा. पट्ट्याचे बक्कल चुकून उघडते तेव्हा सर्व वजन एकदम जाते आणि अनियंत्रित चढाई सुरू होते. खिशांपैकी एकच निसटला तर निम्मे वजन जाते, परंतु शरीर एका बाजूस कलते. खिसा नीट न बसल्यास तो नकळत तळाशी राहतो.

चौथा मुद्दा प्रमाणाचा. अकरा लिटरच्या नळकांड्यातील सुमारे २०० पट दाबाच्या हवेचेच वजन अडीच किलोंच्या घरात असते. डायव्हिंगच्या अखेरीस ती हवा संपते व पाणबुड्या तेवढा हलका होतो. म्हणून प्रारंभी त्याने थोडे अधिक शिसे घेतलेले असते. हे सर्व शिसे एकाच क्षणी टाकण्याची गरज क्वचितच असते. शरीर संथपणे तरंगू लागेल एवढे वजन टाकणे पुरेसे होते. वजनाची विभागणी करून काही भाग पट्ट्यावर, काही सुटणाऱ्या खिशांत आणि काही न सुटणाऱ्या खिशांत ठेवण्याचा प्रघात यातूनच पडला. गुहांत उतरणारे व दीर्घ काळ टप्प्याटप्प्याने वर येणारे पाणबुडे तर पाठीवरील पोलादी पट्टीच वजन म्हणून वापरतात आणि ती सुटू नये अशीच त्यांची इच्छा असते. त्यांच्यासाठी अकस्मात वर येणे हेच मोठे संकट असते. या अर्थाने ते सीबेच्या पाणबुड्याचे वारस आहेत.

या संदर्भात मनुष्याऐवजी यंत्राने केलेली सोडवणूक उद्बोधक आहे. ऑगुस्त पिकार याने रचलेल्या 'त्रिएस्ते' या खोलसमुद्री यानातून जाक पिकार व डॉन वॉल्श २३ जानेवारी १९६० रोजी मारियाना गर्तेच्या तळाशी पोहोचले. या यानात वजन म्हणून लोखंडी छर्रे होते व ते विद्युतचुंबकांनी धरून ठेवलेले होते. वीज बंद पडली तर छर्रे आपोआप गळून यान वर यावे, अशी ती योजना होती. वजन सोडण्यास नव्हे तर धरून ठेवण्यास शक्ती लागावी, हे तत्त्व अत्यंत सुरक्षित होते. मात्र ते शक्य झाले कारण पोलादी गोलात बसलेले दोघे पृष्ठभागावरील दाबाचीच हवा घेत होते आणि वर येण्याचा वेग त्यांना बाधत नव्हता. संपीडित हवा घेणाऱ्या पाणबुड्यासाठी असे आपोआप गळणारे वजन घातक ठरू शकते. निर्णय त्याच्या हातीच राहतो.

८. अपघातांची साक्ष
हा निर्णय प्रत्यक्षात किती अवघड असतो, याची साक्ष अपघातांच्या नोंदी देतात. ऑस्ट्रेलियात डॉ. डग्लस वॉकर यांनी 'प्रोजेक्ट स्टिकीबीक' या नावाने, तसेच अमेरिकेत ऱ्होड आयलंड विद्यापीठाने व पुढे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने अशा मृत्यूंची नोंद ठेवली. मृत पाणबुड्यांच्या अंगावर वजने तशीच बांधलेली आढळतात, हे निरीक्षण या साहित्यात पुनःपुन्हा येते. सुटण्याची सोय होती, पण हात तेथवर गेला नाही.

पेटार डेनोबल व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९२ ते २००३ या काळातील ९४७ मृत्यूंचे विश्लेषण आहे. ज्या घटनांत कारण निश्चित करता आले, त्यांपैकी ४१ टक्के घटनांचा प्रारंभ हवा अपुरी पडण्याने, २० टक्के घटनांचा अडकून पडण्याने आणि १५ टक्के घटनांचा साधनांतील बिघाडाने झाला होता. प्रत्यक्ष इजेचा विचार करता श्वासावरोध ३३ टक्के, रक्तवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरणे २९ टक्के व हृदयविकार २६ टक्के अशी विभागणी आढळली. यांतील पहिल्या दोन आकड्यांत वजनाचे जुने द्वंद्व प्रतिबिंबित झालेले दिसते. श्वासावरोध होणाऱ्यास पृष्ठभागावर येता आलेले नसते किंवा तेथे तरंगत राहता आलेले नसते. बुडबुड्यांनी दगावणारा बहुधा फार वेगाने वर आलेला असतो. एकास वजन वेळेवर सोडणे तारक ठरले असते, तर दुसऱ्यास ते खोलवर सोडणे मारक.

म्हणून पृष्ठभागावर संकट आल्यास वजन निःशंकपणे टाकावे आणि खोलीवर असताना ते अखेरचा उपाय म्हणून टाकावे, ही शिकवण रूढ झाली. पृष्ठभागावर वजन टाकण्यात गमावण्यासारखे केवळ शिसे असते. तरीही भीतीने ग्रासलेला मनुष्य, क्वचित किमती साज गमावण्याच्या संकोचानेही, ते टाकत नाही. हा दोष पट्ट्याचा किंवा खिशाचा नाही. सराव नसलेल्या हाताचा तो दोष आहे.

९. भारतीय किनाऱ्याचा संदर्भ
भारतात स्कूबा साधनांचा वापर संशोधनासाठीही झाला. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या माध्यमातून डॉ. एस. आर. राव यांनी १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वीय शोधकार्य केले. पर्यटनाच्या क्षेत्रात मालवणचा किनारा हा महाराष्ट्रातील स्कूबा डायव्हिंगचे प्रमुख केंद्र झाला असून, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे प्रशिक्षण संस्था उभी केली आहे. अरबी समुद्राचे पाणी उबदार असल्याने येथे पोशाख पातळ पुरतो व शिसेही थोडे लागते. परंतु प्रशिक्षण न घेता प्रशिक्षकाच्या हाताला धरून प्रथमच उतरणाऱ्या पर्यटकास आपल्या अंगावर किती वजन आहे व ते कसे सुटते, हे सहसा ठाऊक नसते. अशा वेळी वजनाची संपूर्ण जबाबदारी प्रशिक्षकावर येते. मन्नारच्या होडीवर दोर धरून बसलेल्या सोबत्याची भूमिकाच तो वेगळ्या रूपात पार पाडतो. उतरण्यापूर्वी बक्कल किंवा मूठ पर्यटकाच्या हाताला लावून दाखविण्यास एखाद्या मिनिटाचाच अवधी लागतो.

निष्कर्ष :
१) पाणबुड्याच्या वजनाचा इतिहास हातातून सुटणारा दगड, अंगाला जखडलेले शिसे, झटकन सुटणारा पट्टा आणि जाकिटातील खिसे अशा चार अवस्थांतून गेला आहे. जुनी अवस्था लोप पावून नवी आली असे मात्र घडलेले नाही. श्वास रोखून उतरणारे आजही पट्टाच वापरतात आणि अनेक स्कूबा पाणबुडे दोन्हींचा मेळ घालतात.
२) प्रत्येक बदलामागे श्वसनाच्या साधनातील बदल होता. श्वास रोखणाऱ्यास वजन सोडणे निर्धोक होते. संपीडित हवेने तेच कृत्य खोलीवर धोक्याचे केले.
३) वजनपट्टा सर्वांना ओळखू येतो व शरीरापासून स्वतंत्रपणे सोडता येतो. जाकिटातील वजन आरामदायी व तोल राखण्यास अनुकूल असते, परंतु त्याची सुटका निर्मात्यानुसार भिन्न असल्याने जोडीदाराच्या माहितीवर अधिक अवलंबून राहते. नवशिक्यांना, भाड्याचा साज वापरणाऱ्यांना व लहान होडीवरून उतरणाऱ्यांना पट्ट्याचे लाभ अधिक आहेत. स्वतःचा परिचित साज असलेल्यांना व कंबरदुखी असणाऱ्यांना जाकिटातील वजन श्रेयस्कर ठरते.
४) कोणतीही रचना निवडली तरी वजन सोडण्याचा सराव डोळे मिटून, डाव्या व उजव्या अशा दोन्ही हातांनी आणि जोडीदाराच्या साजावरही झालेला असावा. प्राचीन पाणबुड्यास मूठ उघडण्याचे शिक्षण द्यावे लागत नव्हते. वजन हातातून कमरेवर व कमरेवरून खिशात गेले, तसतशी ही सहजता हरपत गेली आहे. ती सरावानेच परत मिळविता येते.